कोल्हापुरात राहून दिग्दर्शन शिकता येईल, की फिल्म स्कूललाच जावं?

बी.कॉम.चं शेवटचं वर्ष, दिग्दर्शन शिकायचंय आणि घरचे म्हणतात, "शाळा कशाला? शांतारामबापू कुठल्या शाळेत गेले होते?" असं तुम्ही लिहिलंय. मी स्वतः फिल्म स्कूलला गेलेलो नाही, मालिकांच्या सेटवर सहायक दिग्दर्शक आहे. तरी सांगतो, हा दाखला अर्धवट आहे.

बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी ही शाळाच होती की! शांताराम, दामले, फत्तेलाल तिथंच तयार झाले. सेट, रंगकाम, कॅमेरा, रसायनं, सगळं एकाच आवारात. आज काढलेलं पडद्यावर कसं दिसतं ते त्याच माणसांना बघायला मिळायचं. मग 1929 मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली, 1933 मध्ये पुण्याला गेली आणि 1960 मध्ये तिच्याच आवारात एफटीआयआय, म्हणजे सरकारी फिल्म स्कूल, सुरू झाली.

आता चित्रनगरीत किंवा आसपासच्या गावांत मालिकेवर लागलात तर वेग शिकाल, माणसं सांभाळायला शिकाल, कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधलं पुढच्या शॉटशी जुळतं ठेवणं, तर अंगात भिनेल. पण फुटेज बहुतेकदा एडिटला मुंबईला जातं. आपला सीन कुठं फसला, ते सांगायला कुणाला वेळ नसतो. पुढचा सीन लागलेला असतो.

म्हणून आधी घरीच एक करून बघा. दोन माणसं, मध्ये टेबल, चहा, दोन-तीन मिनिटांचं बोलणं. आधी दोघांचा मास्टर, म्हणजे दोघंही दिसतील असा अख्खा सीन एकाच शॉटमध्ये, मग एकेकाचा क्लोजअप. मास्टरमध्ये "नाही" म्हणताना त्यानं उजव्या हातानं कप उचलला असेल, तर क्लोजअपमध्येही त्याच शब्दाला, त्याच हातानं उचलायला हवा. दोघांच्या मधून एक रेघ धरा आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा, नाहीतर क्लोजअपमध्ये दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात. शेवटी सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. कट जोडताना मधली भोकं बुजवायला तो लागतो. एडिट स्वतःच करा, डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते.

हे करताना प्रश्न पडायला लागले, की एफटीआयआयची प्रवेश परीक्षा द्या. दिग्दर्शनाला कुठल्याही शाखेची पदवी चालते, तुमचं बी.कॉम. वाया जाणार नाही. तिथं तीन वर्षं मिळतात, कॅमेरा-साउंड-एडिटिंगची मुलं सोबतीला असतात आणि तुमचं काम बघून तोंडावर बोलणारी माणसं असतात. नाही लागला नंबर तर सेट आहेच. पण कर्ज काढून खासगी कोर्स करू नका, हे माझं स्पष्ट मत. त्या पैशात चांगला माइक घ्या.

आणि हो, तो चहाचा सीन संध्याकाळी रंकाळ्यावर करायला जाऊ नका. भेळेच्या गाड्यांपुढं तुमचा संवाद ऐकूच येणार नाही.