अ‍ॅल्युमिनियमला मिग लावायच्या आधी

भावा, मिग म्हणजे गनमधून वायर आपोआप पुढे सरकत राहणारं वेल्डिंग; लोखंडावर हात बसलाय म्हणून तीच गॅसची बाटली अ‍ॅल्युमिनियमला लावू नकोस, सीओटू मिसळलेला गॅस इथे चालतच नाही, शुद्ध आरगॉनच लागतो. वायर मऊ असते, लांब केबलमधून ढकलली की रोलरपाशीच गुंता होतो, म्हणून जमलं तर स्पूल गनच घे, म्हणजे वायरचं छोटं रीळ गनवरच बसतं.

पण खरं दुखणं म्हणजे आपली खारी दमट हवा, तिची ओल धातूवर आणि वायरवर बसते. त्यात अ‍ॅल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं आणि वरचा ऑक्साइडचा थर २००० च्याही पुढे, म्हणजे खाली पाणी झालं तरी वरची साय तशीच. आधी अ‍ॅसिटोनने पूस, पूर्ण सुकू दे, मग स्टेनलेसच्या ब्रशने घास, तो ब्रश लोखंडाला कधीच लावायचा नाही, आणि घासल्यावर लगेच वेल्ड मार.

मालवणला पावसाळ्यात मी वायरचं रीळ रात्रभर मशीनवरच उघडं ठेवलं होतं, सकाळचा जॉइंट कापून बघितला तर आतून अक्षरशः आंबोळीसारखी जाळी! तेव्हापासून रीळ हवाबंद डब्यातच. होडीचं काम असेल तर ५३५६ नंबरची, मॅग्नेशियम मिसळलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर घे, खाऱ्या पाण्यात ती टिकते. गन ढकलत ने, ओढू नको, आणि हात जरा जलद ठेव, हा धातू लाल होऊन सांगत नाही, एकदम भोक पडतं.