जकात, झकात आणि चलनाचं 'भाषांतर'

प्रश्न असा आहे. एका सौदी कंपनीच्या वार्षिक हिशेबांवरच्या टिपा मराठीत आणायच्या आहेत. 'फॉरेन करन्सी ट्रान्सलेशन'ला 'परकीय चलनाचे भाषांतर' म्हटलं तर चालेल का? आणि 'जकात व इन्कम टॅक्स' या टिपेतली जकात तशीच ठेवावी, 'झकात' लिहावी, की 'धर्मादाय कर' करावी? जकात म्हटलं की वाचकाला नाक्यावरची ट्रकांची रांग दिसते, ही विचारणाऱ्याची अडचण.

भाषांतर चालणार नाही. हा प्रकार हल्ली सर्रास दिसतो आणि दर वेळी दाताखाली खडा आल्यासारखं होतं. 'भाषांतर' या समासातलं 'अंतर' म्हणजे दुसरं. स्थलांतर म्हणजे दुसरं स्थळ, मतांतर म्हणजे दुसरं मत, भाषांतर म्हणजे दुसरी भाषा. चलनाला पहिलीच भाषा नसते, तर दुसरी कुठून येणार? इंग्रजी ट्रान्सलेशनचा मूळ अर्थ भाषेशी बांधलेला नाही. लॅटिनमध्ये 'ट्रान्स' म्हणजे पलीकडे, आणि 'लातुस' हे 'नेणे' या क्रियापदाचं भूतकाळवाचक रूप. त्याच क्रियापदाच्या वर्तमानकाळी रूपातून 'ट्रान्सफर' आला. एका धर्मप्रांतातून दुसऱ्या प्रांतात बदली झालेल्या बिशपलाही इंग्रजीत ट्रान्सलेटच करतात, आणि संताच्या अस्थी एका चर्चमधून दुसऱ्यात हलवल्या तरी तेच क्रियापद. तिथे कुणी 'बिशपचं भाषांतर' लिहीत नाही, मग चलनावरच हा अन्याय का?

मग शब्द कोणता? अगदी भाषांतराच्याच साच्यातला: चलनांतर. एका चलनातले आकडे दुसऱ्या चलनात मांडणं, बस्स. पैसे हलत नाहीत, बँकेत कुणी जात नाही. पैसे खरोखर बदलून घेतले तर तो विनिमय. हे दोन्ही 'रूपांतर'मध्ये कोंबणारे लोक पुढे हिशेबातच घोटाळा करतात, म्हणून हा फरक शब्दातच दिसलेला बरा.

घोटाळा कसा होतो ते सांगतो. समजा, रियाधच्या एका कंपनीची कैरोत उपकंपनी आहे. तिचा रोजचा व्यवहार इजिप्शियन पाउंडात, म्हणजे ते तिचं कार्यचलन. मूळ कंपनीचे हिशेब रियालात. आकडे सोपे घेऊ. वर्षारंभी उपकंपनीची निव्वळ मालमत्ता (मालमत्ता वजा देणी) १०४ दशलक्ष पाउंड आणि दर एका रियालला ८ पाउंड, म्हणजे १३ दशलक्ष रियाल. वर्षभरात नफा १५.६ दशलक्ष पाउंड, वर्षाचा सरासरी दर १२, म्हणजे १.३ दशलक्ष रियाल. वर्षअखेर दर १३. आता मालमत्ता आणि देणी अखेरच्या दरानं मांडायची: १०४ अधिक १५.६, म्हणजे ११९.६, भागिले १३, म्हणजे ९.२ दशलक्ष रियाल. पण १३ अधिक १.३ तर १४.३ होतात. मधले ५.१ दशलक्ष कुठे गेले? सुरुवातीच्या १०४ दशलक्षावर ५ गेले, आणि नफा सरासरी दरानं धरून मालमत्तेत मात्र अखेरच्या दरानं उतरला म्हणून ०.१ गेला. हा चलनांतर फरक. तो नफा-तोट्यात जात नाही. इतर सर्वसमावेशक उत्पन्नातून, म्हणजे नफा-तोट्याबाहेर दाखवलेल्या उत्पन्नातून, थेट मालकांच्या निधीच्या बाजूला, चलनांतर राखीव म्हणून, साचत राहतो. उपकंपनी विकली की मग तो सगळा साठा नफा-तोट्यात आणायचा. हे विसरलं तर विक्रीचा नफा नेमका ५.१ दशलक्षानं फुगतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे भागभांडवलसुद्धा अखेरच्या दरानं मांडणं. ते मूळ दरानंच राहायला हवं; नाहीतर फरकाचा एक तुकडा भांडवलात गडप होतो आणि राखीव कमी दिसतो.

याउलट रियाधच्याच कंपनीचं युरोत येणं असेल, तर ते अखेरच्या दरानं मांडून फरक सरळ नफा-तोट्यात. ते येणं वसूल झाल्यावर उरलेला फरकही तिथेच. यासाठी मराठीत शब्द तयार आहे: बट्टा. पेशवाईत चांदवडी, अंकुशी, हाली शिक्का असे नाना रुपये फिरायचे आणि एका नाण्याचं दुसऱ्यात करताना बट्टा कापला जायचा. इभ्रतीला लागतो तो बट्टाही त्याच घराण्यातला. दरासाठी 'हुंडणावळ' होता, तोही आपण वापरून वापरून नव्हे, न वापरून झिजवला. डॉलरच्या बाबतीत मात्र यातलं काहीच करायला नको, कारण १९८६ पासून एका डॉलरला ३.७५ रियाल हा दर बांधलेला आहे. सौदी अहवालात डॉलरच्या कर्जावर बट्टा दिसला तर आधी आकडे तपासावेत, व्याकरण नंतर.

आता जकात. इथे मात्र घाई करून चालणार नाही.

'झकात' लिहिण्याचं कारण काय सांगतात, तर म्हणे अरबीत ज़ आहे. अहो, मराठी 'ज'ला दोन उच्चार आहेत. जगातला ज वेगळा आणि जागेतला ज वेगळा. जकातीतला ज जागेतलाच, म्हणजे अरबी उच्चाराच्या अगदी शेजारचा. हिंदीला तो आवाज दाखवायला नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब, लागतो, मराठीला लागत नाही. वाहिन्यांच्या आणि ॲपच्या नावांमुळे 'झ' म्हणजे ज़ असा समज पसरला आहे. त्यानं झकात झाली तर उद्या जमीन झमीन होईल आणि जहाज झहाझ.

'धर्मादाय कर' तर त्याहून वाईट. धर्मादाय म्हणजे आपखुशीनं दिलेलं, म्हणून त्यासाठी आयुक्त असतो, वसुली अधिकारी नसतो. अरबीत त्यासाठी सदका आहे, आणि आपल्याकडे येऊन उधळपट्टी झालेली खैरात आहे. जकात ऐच्छिक नाही. इस्लामच्या पाच आधारस्तंभांपैकी ती एक, आणि सौदी अरेबियात तर ती कंपन्यांकडून सरकारी संस्था वसूल करते. २०२१ मध्ये जकात व कर खातं आणि सीमाशुल्क खातं एकत्र करून ही संस्था झाली.

त्या संस्थेच्या अरबी नावातच सगळी गंमत आहे: 'हय्यत अज़-ज़कात वद्-दरीबा वल्-जमारिक'. ज़कात म्हणजे जकात, दरीबा म्हणजे कर, आणि जमारिक म्हणजे सीमाशुल्क, थोडक्यात आपली जकात! आपण ज्याला जकात म्हणत आलो त्यासाठी अरब जमारिक म्हणतात. हा शब्द तुर्की 'गुमरुक'मधून, तो बायझंटाइन ग्रीक 'कोमेर्कियोन'मधून, आणि तो लॅटिन 'कोम्मेर्कियुम'मधून, म्हणजे इंग्रजी कॉमर्सच्या मूळ शब्दातून आला. अरबांनी नाक्यासाठी रोमनांचा शब्द घेतला आणि आपण अरबांचा. म्हणजे तुमच्या टिपेतली जकात आणि मुलुंडच्या नाक्यावरची जकात हा शब्द एकच, पण अरबी नावात त्या दोन वेगळ्या खुर्च्यांवर बसलेल्या आहेत.

आपल्याकडे हा अर्थ फिरला कसा? पुष्कळ जण एका ओळीत निकाल लावतात: पवित्र दानाचा अर्थ 'घसरून' कर झाला. हे मला अजिबात पटत नाही. शब्द घसरला नाही, नाक्यावर उभा राहिला. हनफी कायद्यात, म्हणजे इस्लामी कायद्याच्या एका परंपरेत, वाटेवर बसून व्यापाऱ्यांकडून वसुली करणारा अधिकारी होता, त्याला आशिर म्हणत, म्हणजे दहावा हिस्सा घेणारा. मुसलमान व्यापाऱ्याकडून तो मालाचा चाळिसावा हिस्सा, राज्यातल्या बिगरमुसलमानाकडून विसावा आणि बाहेरच्या मुलखातल्याकडून दहावा घेई. ही वाटणी खलिफा उमर यांच्या काळापर्यंत मागे जाते. चाळिसावा म्हणजे अडीच टक्के, नेमका जकातीचा दर, आणि मुसलमानाची ती वसुली त्याची जकात म्हणूनच धरली जाई. विसावा आणि दहावा देणाऱ्यांची ती जकात नव्हती. पण नाका तोच, कारकून तोच, वही तीच. आता त्या वहीला लोक काय म्हणणार? पहिल्या रकान्याचं नाव सगळ्या वहीला लागलं. औरंगजेबानं १६६५ मध्ये मालावर मुसलमानांना अडीच आणि हिंदूंना पाच टक्के ठरवले आणि १६६७ मध्ये मुसलमानांना माफी दिली. म्हणजे ज्यांच्यामुळे नाव पडलं तेच काही काळ वहीतून बाहेर गेले आणि नाव राहिलं दुसऱ्यांच्या खात्यावर. शिवाजी महाराजांच्या १६७१ च्या पत्रात तर धर्माचा मागमूस नाही. पोर्तुगीज गोव्यातल्या बारदेशातलं स्वस्त मीठ आलं की स्वराज्यातला मिठाचा धंदा बुडतो, म्हणून त्या मिठावर जबर जकात बसवा, असा कुडाळच्या सुभेदाराला हुकूम आहे. शुद्ध संरक्षक जकात. मग इंग्रजांबरोबर शहरात येणाऱ्या मालावरच्या करासाठी फ्रेंच 'ऑक्ट्रॉय' आला, त्याचा मूळ अर्थ 'मंजूर करणे', आणि मराठीनं त्यालाही जुन्याच वहीत लिहिलं. मुंबईत ही जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत चालू होती. बाकीच्या बऱ्याच शहरांत ती त्याआधीच जाऊन स्थानिक संस्था कर आला होता. नाके उठले, तरी बसथांब्यांवरचं 'जकात नाका' अजून उठलेलं नाही.

मूळ अरबी शब्दावरही वाद आहे. अरबी कोशकार 'ज़-क-व' धातूवर बोट ठेवून वाढणं आणि शुद्ध होणं असे अर्थ देतात, आणि 'दिल्यानं धन शुद्ध होतं' हे सुंदर स्पष्टीकरण त्यावर बसवतात. ते सुंदर आहे म्हणूनच मला त्याचा संशय येतो. आरमाईक या हिब्रूच्या शेजारच्या जुन्या भाषेत 'ज़ाखूथा' आहे, हिब्रूत 'ज़खूत' आहे, दोन्हींचा अर्थ पुण्य. कुराणाच्या जुन्या लेखनात 'ज़कात'मध्ये उच्चारात नसलेला वाव (अरबी 'व') लिहिलेला असतो. तो आरमाईकमधल्या 'ऊ'ची सावली वाटतो. 'सलात' म्हणजे नमाज, तिथेही तसाच वाव आणि तिथेही आरमाईक सख्खा शब्द. धातूतच व आहे तेव्हा वाव असणारच, असं उत्तर देतात. मग त्याच जातीच्या इतर शब्दांत अलिफ (अरबी 'आ') का लिहितात? शुद्धीपेक्षा पुण्य मूळ धरलं की बरंच सरळ होतं.

असो, टीप. सौदी अहवालात 'जकात'च लिहावं. पहिल्यांदा येईल तिथे 'इस्लामी जकात' म्हणावं म्हणजे ट्रक आपोआप बाजूला होतात. पण तिला कर म्हणून प्राप्तिकराच्या रकान्यात कोंबू नये, कारण दोहोंचा पायाच वेगळा आहे. जकात संपत्तीच्या पायावर बसते: ढोबळमानानं भागभांडवल, राखीव आणि दीर्घ मुदतीची देणी मिळवायची, स्थावर यंत्रसामग्रीसारखी दीर्घ मुदतीची मालमत्ता वजा करायची. दर हिजरी वर्षाला अडीच टक्के. ईसवी वर्षानं हिशेब ठेवणाऱ्याला वर्ष ११ दिवस लांब पडतं, म्हणून २.५ गुणिले ३६५ भागिले ३५४, म्हणजे सुमारे २.५७८ टक्के. प्राप्तिकर मात्र समायोजित नफ्यावर, २० टक्के, आणि तो परदेशी भागधारकाच्या वाट्यापुरताच. आखाती सहकार परिषदेच्या देशांतले भागधारक सौदींसारखेच धरले जातात.

७० टक्के सौदी आणि ३० टक्के परदेशी मालकीची कंपनी घ्या. जकातीचा पाया ४०० दशलक्ष रियाल, समायोजित नफा १०० दशलक्ष. जकात ४०० च्या ७० टक्क्यांवर, म्हणजे २८० दशलक्षाच्या अडीच टक्के: ७ दशलक्ष. हिशेब ईसवी वर्षाचा असेल तर ७.२ च्या आसपास. प्राप्तिकर नफ्याच्या ३० टक्क्यांवर, ३० दशलक्षाच्या २० टक्के: ६ दशलक्ष. आंतरराष्ट्रीय लेखामानकांत प्राप्तिकराचं मानक नफ्यावरच्या करांसाठी आहे, जकात त्यात बसत नाही. म्हणून स्थगित कर, म्हणजे पुढच्या वर्षांवर ढकलला गेलेला कर, फक्त परदेशी वाट्यावर काढायचा. सर्वांत जास्त चुका इथेच होतात: हिशेबातला घसारा आणि करासाठी धरलेला घसारा यांच्या सगळ्या फरकावर सरसकट २० टक्के लावून स्थगित कर दाखवला की तो तिपटीहून जास्त निघतो, कारण त्यातल्या ७० टक्क्यांवर कर कधी लागणारच नसतो. तसंच 'परिणामी करदर', म्हणजे नफ्याचे किती टक्के करात गेले, हे काढताना ७ आणि ६ मिळवून १३ टक्के लिहिणं. जकातीला नफ्याशी भागून निघालेल्या टक्क्याला काही अर्थ नाही. नफा शून्याजवळ आला तरी पाया तसाच राहू शकतो. जुन्या अहवालांशी तुलना करताना आणखी एक पाहावं: जुलै २०१९ पूर्वी मध्यवर्ती बँकेच्या सूचनेनुसार सौदी बँका जकात आणि कर थेट राखीव नफ्यातून वजा करत असत, नंतर ते नफा-तोट्यात आले. म्हणजे २०१८ चा 'निव्वळ नफा' आणि २०२० चा 'निव्वळ नफा' हे एक शब्द आणि दोन अर्थ, जकातीसारखेच.

आणि प्रश्नकर्त्यानं पत्रात दोनदा 'आयकर' लिहिलं आहे. आयकर हिंदीच्या गाडीतून आला. मराठीत प्राप्तिकर, आणि त्यातला 'प्ति' ऱ्हस्व, कारण एकटी 'प्राप्ती' दीर्घ असली तरी समासात पहिली आली की तत्सम शब्दाचा इकार ऱ्हस्वच राहतो.