फरशी चकाचक, मग जंतू आला कुठून?

प्रश्न : माझे बाबा (वय ७१) घरात पडले, डोक्याला मार लागला. १९ दिवस आयसीयूत व्हेंटिलेटरवर होते, आता गळ्यात नळी आहे. कफाच्या रिपोर्टमध्ये 'असिनेटोबॅक्टर' आलंय. औषधांच्या यादीत जवळजवळ सगळीकडे 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे ते औषध या जंतूवर चालत नाही), डॉक्टरांनी कोलिस्टिन सुरू केलंय. म्हणाले, हा जंतू आयसीयूतलाच. पण तिथे दिवसातून चारदा फरशी पुसतात! मग तो राहतो कुठे? बाबा घरी आले की माझ्या आठ महिन्यांच्या मुलीला धोका आहे का? – एक वाचक, करी रोड

उत्तर : ताई, फरशीकडे बघणं आधी सोडा. मी पालिकेच्या एका रुग्णालयात ३१ वर्षं काढली, शेवटची ९ आयसीयूची इनचार्ज म्हणून. साहेब लोक राऊंडला आले की फरशीच बघायचे. फिनेलचा वास आला की खूश. पण फरशीला हात कोण लावतं?

पुष्कळ जंतू कोरडे पडले की लवकर मरतात. असिनेटोबॅक्टर मात्र कोरड्या प्लास्टिकवर, स्टीलवर आठवडेच्या आठवडे टिकतो, कधी महिनेसुद्धा. कॉटचा कठडा, मॉनिटरची बटणं, सलाइनच्या पंपाचा कीपॅड, पडद्याची कड, या त्याच्या जागा. तिथून तो उडत येत नाही. आमच्या हातावरून येतो.

एकदा आमच्याकडे ओळीने तीन पेशंटना हाच जंतू निघाला. कॉटी वेगळ्या, डॉक्टर वेगळे. मायक्रोबायोलॉजीच्या मॅडमनी सगळीकडून स्वॅब घेतले. फरशी स्वच्छ, बेसिनही स्वच्छ. सापडला कुठे, तर बीपीच्या पट्ट्यात. कापडी पट्टा, चिकटपट्टीत धागे अडकलेले, आणि वॉर्डात दोनच असल्यामुळे कॉट एकवरून सहावर, सहावरून तीनवर फिरणारा. तो मी स्वतः रोज हातात धरत होते. त्या रात्री घरी जेवण गेलं नाही मला.

मग विचारलं, हा पट्टा पुसायचा कोणी? मावशी म्हणाल्या, "मशीनला हात लावायचा नाही असं तुम्हीच सांगितलंय, सिस्टर." खरंच सांगितलं होतं. सिस्टर एक आणि पेशंट चार, तिला वेळ नाही. टेक्निशियन येणार मशीन बिघडलं की. म्हणजे पेशंटच्या सगळ्यात जवळची वस्तू कोणाचीच नाही. माझ्या मते अर्धा रोग इथेच आहे. मावशी कंत्राटावर, पगार तुटपुंजा, आणि हायपो (जंतू मारायचं क्लोरीनवालं द्रावण) किती पाण्यात किती घालायचं हे त्यांना कोणी बसवून शिकवलेलं नसतं. कालचं उरलेलं हायपो वापरलं तर जोर कमी. रक्त, कफ आधी न पुसता वरून ओतलं तरी फुकट. आणि ओलं केल्याकेल्या कोरड्या फडक्याने पुसलं, तर जंतू मरायला वेळच मिळत नाही.

'आर'चं म्हणाल तर आयसीयूत जवळपास प्रत्येकाला भारी अँटिबायोटिक चालू असतं. साधे जंतू मरतात, दांडगे उरतात. शिवाय ही ताकद देणारं जनुक एका जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडेही जातं. अशाच एका जनुकाला २००९ साली नवी दिल्लीचं नाव दिलं गेलं, एनडीएम-१, आणि आपल्याकडे गदारोळ उठला. नावावरून भांडण झालं, हात धुण्यावरून झालं असतं तर बरं होतं! कोलिस्टिन जुनं औषध, मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून बाजूला पडलेलं. दुसरं फारसं उरलं नाही म्हणून परत काढलंय. त्यामुळे बाबांची क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंड नीट चालतंय का ते सांगणारी, रक्ततपासणी होते ना, एवढं विचारत राहा.

आता बाळाचं. धडधाकट माणसाला हा जंतू सहसा काही करत नाही. तो नळ्या, जखमा, थकलेलं शरीर शोधतो. बाबांना कोपऱ्यात टाकू नका. नळी साफ केली, कफ काढला की साबणाने हात धुवा, मग बाळाला घ्या. त्यांचा टॉवेल वेगळा ठेवा, कपडे नेहमीच्या पावडरने धुवून चांगले वाळवा. घरभर हायपो मारू नका, आणि संडासाच्या अ‍ॅसिडमध्ये तर ते कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो. पुन्हा कुठे अ‍ॅडमिट करायची वेळ आली, तर हा रिपोर्ट पहिल्या दिवशी दाखवा. लपवतात लोक, बेड मिळणार नाही म्हणून.

आणि भेटायला जाल तेव्हा मोबाइल बाबांच्या उशाशी ठेवू नका. गावच्या आत्याला व्हिडिओ कॉल लावून तोच फोन पुढे बाळाच्या हातात जातो. बांगड्या, घड्याळ घरी काढून जा. कॉटच्या पायथ्याशी सॅनिटायझरची बाटली असते, ती दाबून बघा. रिकामी असेल तर सिस्टरना सांगा. वैतागतील, पण सांगा.