वाचक विचारतात : निळी स्क्रीन आणि ड्रायव्हर

प्रश्न : यूएसबी वाय-फाय डोंगल घेतल्यापासून विंडोज ११ चा लॅपटॉप स्लीपमधून उठला की दोन-चार मिनिटांत निळी स्क्रीन येते. ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ एवढं दिसतं, तोवर मशीन रीस्टार्ट. फॉरमॅट मारूनही फरक नाही. रॅम बदलू का?

उत्तर : रॅमवर इतक्यात पैसे घालू नका. रॅम खराब असली की सहसा दर वेळी वेगळा कोड येतो. तुमचा कोडही तोच, वेळही तीच. फॉरमॅटनंतर डोंगलचा तोच ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) पुन्हा टाकला असेल, तर फरक पडणार कसा?

आयआरक्यूएल म्हणजे प्रोसेसर करत असलेल्या कामाची तातडीची पातळी. प्रोसेसर आयआरक्यूएल २ किंवा त्याहून वरच्या पातळीवर असताना डिस्कवर गेलेलं मेमरीचं पान, म्हणजे मेमरीचा ठरावीक तुकडा, परत आणता येत नाही. नेमक्या त्या वेळी ड्रायव्हरने अशा पानाला किंवा चुकीच्या पत्त्याला हात लावला, तर मशीन थांबवण्यावाचून कर्नलला (विंडोजच्या गाभ्याला) गत्यंतर नसतं. स्लीपच्या बाबतीत नेहमी सापडणारी चूक अशी : झोपताना ड्रायव्हर बफर (कामापुरती घेतलेली मेमरी) मोकळा करतो, पण ठरल्या वेळी ती वापरणारा टायमर रद्द करायचा राहतो. जाग आल्यावर टायमर जुन्याच पत्त्यावर जातो.

आधी पुरावा धरा. सिस्टिम प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरी इथे ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढून टाका. सी ड्राइव्हवरची पेजफाइल (मेमरीतली पानं डिस्कवर ठेवायची फाइल) बंद केली असेल तर चालू करा. क्रॅशच्या वेळी डंप, म्हणजे त्या क्षणीच्या मेमरीची नोंद, आधी तिच्यातच लिहिला जातो. पुढच्या क्रॅशनंतर विंडोज फोल्डरमधल्या मिनीडंपमधली फाइल डेस्कटॉपवर कॉपी करा, जागेवरून उघडताना परवानगी अडते. मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून विनडिबग हा डंप वाचणारा प्रोग्रॅम फुकट मिळतो. नेट चालू ठेवून त्यात फाइल उघडा आणि उद्गारचिन्ह लावून ‘अ‍ॅनलाइझ’, पुढे स्पेस, डॅश, ‘व्ही’ अशी कमांड द्या.

सगळे थेट ड्रायव्हरचं नाव शोधायला धावतात. त्याआधी चार आर्ग्युमेंट, म्हणजे कोडसोबत दिलेले चार आकडे, वाचा. पहिलं म्हणजे हात लावलेला पत्ता, दुसरं पातळी, तिसरं ० असेल तर वाचन आणि १ असेल तर लेखन, चौथं म्हणजे तो उद्योग करणाऱ्या कोडचा पत्ता. पहिला आकडा २८ सारखा शून्याजवळचा असेल, तर बहुधा पॉइंटर (मेमरीतला पत्ता ठेवणारी जागा) रिकामा होता. मग ‘इमेज नेम’ पाहा. तिथे डोंगलची सिस फाइल (ड्रायव्हरची फाइल) दिसली तर संशय पक्का. कर्नलचंच नाव आलं तर मात्र विंडोजला दोष देऊ नका. पडला कर्नल, पण खड्डा दुसऱ्याच कुणी खणलेला असू शकतो. स्टॅक, म्हणजे कुणी कुणाला काम सांगितलं त्याची यादी, खालून वर वाचत परकं नाव शोधा.

डिव्हाइस मॅनेजरमधून ड्रायव्हर काढताना तो हटवण्याच्या चौकटीत खूण करा, नाहीतर विंडोज साठ्यातून तोच परत लावतं. मग उत्पादकाच्या साइटवरचा नवा ड्रायव्हर टाका.

प्रश्न : ड्रायव्हर व्हेरिफायर (ड्रायव्हरच्या चुका पकडणारं विंडोजचं साधन) सगळ्या ड्रायव्हरवर लावला. आता मशीन चालूच होत नाही.

उत्तर : बूट दोन-तीनदा फसलं की रिकव्हरी उघडते. ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग ४ दाबून सेफ मोड. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) असेल तर रिकव्हरी की हाताशी हवी. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टवर ‘व्हेरिफायर’, स्पेस, तिरकी रेघ, ‘रीसेट’ देऊन मशीन पुन्हा चालू करा. पुढच्या वेळी आधी रिस्टोअर पॉइंट (मागे परतता यावं म्हणून सेटिंग्जची नोंद) घ्या आणि मायक्रोसॉफ्टचे सोडून संशयित दोन-तीनच ड्रायव्हर निवडा. त्यानंतर कोडच्या शेवटी सी४ आलं तर घाबरू नका : व्हेरिफायरने चोर चोरी करतानाच पकडला आहे, आणि तोच डंप सगळ्यात कामाचा.