कानाच्या ऑपरेशनसाठी नसेचा एकच सरासरी नकाशा का पुरत नाही?

कारण चुकायला जागाच नसते. कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी आतल्या कानात बसवायचं उपकरण) बसवताना सर्जन कानामागचं हाड ड्रिल करत चेहऱ्याची नस आणि चवीची बारीक नस कोर्डा टिंपनी यांच्या मधल्या फटीतून आत शिरतो. ही फट जेमतेम २-३ मिलिमीटर. चेहऱ्याच्या नसेला इजा झाली तर त्या बाजूचा चेहरा लुळा पडू शकतो.

त्यात कोर्डा म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा धागा. सीटी स्कॅनचा एक व्हॉक्सेल, म्हणजे त्रिमितीय चित्राचा सगळ्यात छोटा ठोकळा, ०.३ मिलिमीटरचा धरा, म्हणजे तिच्या जाडीत एक-दोनच मावतात. हाडातल्या हवेच्या पोकळ्यांपाशी तर ती दिसेनाशीच होते. शिवाय ती मुख्य नसेपासून फुटते कुठे, हे माणसागणिक वेगळं: कुणात बरीच वर, कुणात अगदी खाली, क्वचित हाडाच्या बाहेर. सरासरी नकाशा नव्या स्कॅनवर बसवताना कितीही ताणला तरी हा फाटा वर-खाली सरकत नाही.

म्हणून बऱ्याच स्कॅनवर तज्ज्ञ हाताने नसा आखतात, मधल्या रेषेवर एकमेकांशी जुळणारे बिंदू ठेवतात आणि पीसीए (बदलाच्या मुख्य दिशा शोधणारी गणिती पद्धत) लावून सरासरी आकार व त्या दिशा काढतात. हेच नसेच्या आकाराचं मॉडेल. नव्या स्कॅनमध्ये नस पुसट झाली की मॉडेल तिला शक्य असलेल्या आकारांतच शोधतं.

खरी डोकेदुखी गणिताची नाही, बिंदू जुळवण्याची. फाटाच वेगळ्या जागी असेल तर कोणता बिंदू कोणाचा जोडीदार? तो घोळ झाला की पीसीए नसेचा बदल न दाखवता तुमची चूकच दाखवतो. आणि नमुन्यांत कधी न आलेली विचित्र नस समोर आली, तर मॉडेल तिला बिनदिक्कत 'नॉर्मल' करून टाकतं.