एलएलएमला पैसे घालण्याआधी हे वाच (अमेरिकेत इमिग्रेशन आणि बँकरप्सीची वकिली)

तू विचारलंयस की तीन वर्षांचा एलएलबी झालाय, शिवाजीनगर कोर्टात 4 वर्षं काढलीत, आता न्यूयॉर्कला येऊन इमिग्रेशन आणि बँकरप्सीचं, म्हणजे नादारीचं, काम करायचंय, तर एलएलएमसाठी, म्हणजे कायद्याच्या मास्टर्ससाठी, कर्ज काढू का. मी न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये हीच दोन्ही कामं करते, छोटंसं ऑफिस आहे, म्हणून लिहिते. जरा लांबेल.

आधी न्यूयॉर्कच्या बार परीक्षा बोर्डाकडून, म्हणजे वकिलीच्या लायसन्सची परीक्षा घेणाऱ्यांकडून, डिग्री तपासून घे. भारत कॉमन लॉ देश आहे, म्हणजे इंग्लंड-अमेरिकेसारखी कायद्याची पद्धत, त्यामुळे फुल टाइम डिग्री कालावधीत आणि विषयांत अमेरिकन डिग्रीच्या बरोबरीची ठरली तर एलएलएमशिवायही परीक्षेला बसू देतात, काही कमी पडलं तर 24 क्रेडिटचं एलएलएम लागतं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, कन्सल्टंट काय, एलएलएमच विकणार.

पण मेख पुढे आहे. परीक्षेला बसू दिलं म्हणजे व्हिसा मिळाला असं नाही. सप्टेंबर 2025 च्या आदेशानं देशाबाहेर असलेल्या माणसाच्या नवीन एच-1बी (नोकरीचा व्हिसा) अर्जावर 1 लाख डॉलर लावलेत, आणि आमच्यासारखी दोन-तीन माणसांची ऑफिसं ते कुणासाठीच भरणार नाहीत. म्हणजे एलएलएम करायचं ते शिक्षणापेक्षा एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) आणि ओपीटीसाठी (शिक्षणानंतर तिथे काम करायची मुभा). ती पण कायद्यात 12 महिन्यांचीच, स्टेमवाल्यांसारखी (विज्ञान-तंत्रज्ञान शिकलेल्यांसारखी) वाढ नाही. आता हिशोब कर, मे मध्ये कॉलेज संपतं, जुलैच्या शेवटी दोन दिवस परीक्षा, 400 पैकी 266 हवेत, निकाल यायला ऑक्टोबर उजाडतो, शिवाय एमपीआरई ही वकिली नीतिमत्तेची वेगळी परीक्षा, 50 तास प्रो बोनो (फुकट कायद्याचं काम), मग चारित्र्य तपासणीचे फॉर्म ज्यात जुने पत्ते आणि नोकऱ्या सगळं लिहायचं, आणि मग कुठे शपथ. तोवर ओपीटीचं निम्मं वर्ष गेलेलं असतं, तू पॅरालीगलसारखं, म्हणजे वकिलाच्या मदतनिसासारखं, काम करत असतोस, आणि एच-1बीच्या लॉटरीला हातात मार्च येतो तो एकच. माझा त्या मार्चमध्ये नंबर लागला. माझ्या बॅचच्या दोघी माझ्यापेक्षा हुशार होत्या, त्या परत गेल्या.

लायसन्सचं एक लक्षात ठेव. इमिग्रेशन फेडरल, म्हणजे केंद्राचं, आहे, कुठल्याही एका राज्याचं लायसन्स देशभर चालतं. बँकरप्सीचा कायदाही फेडरलच, पण प्रत्येक कोर्टाची परवानगी वेगळी. एडिसनला मराठी गिऱ्हाईक भरपूर, पण न्यू जर्सीच्या बँकरप्सी कोर्टात केस चालवायला न्यू जर्सीचं लायसन्स लागतं, माझं न्यूयॉर्कचं. त्यामुळे तिथल्या माणसाचा एच-1बी मी करते, चॅप्टर 7 (थेट कर्ज माफ करून घ्यायची बँकरप्सी) करत नाही.

दोन्ही कामं एकत्र का, तर माणूस बरेचदा तोच असतो. नोकरी गेली की एच-1बीवाल्याला नवी नोकरी शोधायला नाहीतर देश सोडायला साधारण 60 दिवस मिळतात, आणि त्याच 60 दिवसांत घरखर्च क्रेडिट कार्डावर चढतो. मग दबक्या आवाजात फोन येतो, बँकरप्सी केली तर ग्रीन कार्ड जाईल का? नुसत्या नादारीनं जात नाही, आणि ती दाखल करायला सिटिझन असावं लागत नाही. जातं ते खोटं बोलण्यानं.

आणि खोटं नेमकं कुठे होतं ते सांगते. बँकरप्सीच्या फॉर्ममध्ये जगात कुठेही असलेली मालमत्ता लिहायची असते. आमची माणसं इथली गाडी, बँक, दागिने सगळं लिहितात आणि गावचं विसरतात, किंवा "ती वडिलांची जमीन आहे हो" म्हणतात. म्हणून मराठी माणूस आला की माझा पहिला प्रश्न, सातबाऱ्यावर नाव लागलंय का? वडील जाऊन 6 वर्षं झालेली असतात, भावानं फेरफार करून घेतलेला असतो, यांना पत्ताच नसतो. हे लपवलं तर कर्जमाफी नाकारली जाऊ शकते, जाणूनबुजून लपवलं असेल तर गुन्हा. तुझा शिवाजीनगरचा अनुभव इथे जितका उपयोगी पडेल तितका परीक्षेतही पडणार नाही. मी आजही ऑनलाइन सातबारा काढून अर्धी रात्र गट नंबर जुळवत बसते.

पैशाचं म्हणशील तर चॅप्टर 7 मध्ये कोर्टाचे 338 डॉलर वेगळे आणि आपली फी केस टाकायच्या आधी पूर्ण घ्यायची, कारण बाकी ठेवलीस तर तीही इतर कर्जाबरोबर माफ होते. एकदा शिकले, पुन्हा नाही. लोक हप्त्यानं देतात, तोवर तू थांबायचं. चॅप्टर 13 मध्ये, म्हणजे हप्त्यांनी कर्ज फेडायच्या बँकरप्सीत, 3 ते 5 वर्षांच्या प्लॅनमधून थोडी थोडी येते. दोन्हीत श्रीमंत होत नाही कुणी, पण काम आटत नाही.

आता मला एवढंच कळव, तुझं कॉलेज रेग्युलर होतं का संध्याकाळचं? पुढचं सगळं त्यावर आहे.