ऑक्टोबरात पैठणच्या नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणावर, पक्षी बघायला एक दिवस पुरेल का? कॅमेरा कोणता घ्यावा?

कॅमेऱ्याचं मला विचारू नका. आमच्या दाजींकडे भला मोठा आहे, तेवढ्यासाठीच हे उत्तर लिहायला बसलोय.

काही वर्षांपूर्वी असाच ऑक्टोबर होता. सोयाबीनची काढणी चालू, ऊन कवटी फोडणारं. दाजींना रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहिजे होते. मी म्हटलं, "दाजी, धरण तुडुंब आहे. रोहित उथळ पाण्यात गाळ चाळून खातात. पाणी उतरून गाळ उघडा पडल्याशिवाय ते इथं काय करणार?" ऐकतील तर ते दाजी कसले! पैठणच्या बाजूनं तीन तास हिंडलो. पाणकावळे दिसले आणि लांबवर वारकरी. तेच ते, अंगानं काळे, कपाळावर पांढरा टिळा. दाजींनी त्यांनाही बदक करून टाकलं.

परतताना एका गावच्या पाझर तलावापाशी मी गाडी थांबवायला लावली. बेशरमाच्या आडून बघतो तर पाणकणसाच्या कडेला पंचवीस-तीस लहान बदकं. सगळी मातकट. दाजी म्हणाले, "चक्रांग." मी म्हटलं, "भुवई." दोन्ही लहान बदकांच्याच जाती. पुस्तकात भुवईच्या नराला डोळ्यावर पांढरीशुभ्र भुवई असते, इथं एकालाही नव्हती. पण ऑक्टोबरात नुकते उतरलेले नर जुनी पिसं टाकून मादीसारखेच दिसतात, हे दाजींच्या गावीच नाही! मी चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका बघत होतो, डोळ्यावरून जाणारी गडद रेघ बघत होतो. दाजी जवळून फोटो काढायला पुढे सरकले आणि गुडघ्यापर्यंत गाळात. थवा उडाला. उडताना पुढच्या पंखांवर राखाडी-निळसर रंग मला लख्ख दिसला. तो चक्रांगाला नसतो. दाजींच्या फोटोत पाणी आहे, बेशरम आहे आणि एक पुसट डाग आहे. त्या डागाच्या जोरावर ते आजही प्रत्येक दिवाळीत चक्रांगच म्हणतात, आणि ताईसुद्धा त्यांचीच री ओढते.

तर तुम्ही ८x४२ ची दुर्बीण घ्या आणि सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरा. पहाटे धरणाचा काठ उरकून नऊच्या आत लहान तळ्यांकडे वळा. तिथं टिबुकल्या, हळदीकुंकू, कमळपक्षी, पिवळे धोबी मिळतील. डोक्यावर भोवत्या, हा शिकारी पक्षी, घिरट्या घालायला लागला की सगळं तळं दचकतं, ते बघण्यासारखं असतं. चक्रवाक दिसले तर नशीब.

हो, एक राहिलं. पाऊस कमी झालेल्या वर्षी हे सगळं उलटं. तेव्हा लहान तळी आटतात, धरणाचा गाळ उघडा पडतो आणि दाजींचं खरं होतं. आणि नाथसागर हे पक्षी अभयारण्य आहे, १९८६ पासूनचं. थवा उडवायला दगड मारू नका. आमच्यातल्या एकानं मारला होता. कोणी ते सांगत नाही, ताई वाचते.